ग्रॅपलिंगचा कुठला खेळ ऑलिम्पिकमध्ये हवा आणि कुठला नको, हे स्वतः तपासून कसं ठरवायचं

दर चार वर्षांनी ऑलिम्पिक आलं की ग्रॅपलिंगचा, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायच्या आणि दाबून धरायच्या खेळांचा, हा वाद पेटतोच. जिउजित्सूवाला (जमिनीवर पकडून, गळा आवळून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ) म्हणतो आमचा खेळ अजून का नाही, सांबोवाला (सोव्हिएत युनियनमधून आलेला पकडीचा खेळ) म्हणतो आम्ही तर किती वर्षं दारात उभे आहोत, ज्युदोवाला म्हणतो ज्युदो आहे ना मग अजून कशाला, आणि कुस्तीवाल्याला तर वाटतं आमच्यानंतर दार बंदच करून टाका. बहुतेक वेळा माणूस ज्या मॅटवर घाम गाळतो तोच खेळ त्याला ऑलिम्पिकच्या लायकीचा वाटतो, मीपण कितीतरी वर्षं जिउजित्सूसाठी असाच तावातावाने भांडलोय. मग एकदा ठरवलं की बास, आता मनात काय येतं त्यावरून नाही तर काहीतरी तपासून बोलायचं. ती तपासणी कशी करायची ते इथे लिहितोय, तुम्ही कुठल्याही खेळाला लावून बघा.

सगळ्यात आधी प्रश्न नीट मांडा. "ग्रॅपलिंग ऑलिम्पिकमध्ये हवं का" हा प्रश्नच चुकीचा आहे कारण ते आहेच. कुस्ती १८९६ ला अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आहे, तेव्हा वजनगट वगैरे काही नव्हते, एकच स्पर्धा, आणि ती जिंकली जर्मनीच्या कार्ल शूमानने, जो त्याच ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सपण जिंकला होता! ज्युदो १९६४ ला टोकियोत आला, १९६८ ला मेक्सिकोत वगळला गेला, १९७२ पासून कायम आहे. पॅरिस २०२४ मध्ये कुस्तीच्या १८ आणि ज्युदोच्या १५ स्पर्धा होत्या, म्हणजे एकूण ३२९ पैकी ३३, साधारण दर दहा सुवर्णपदकांमागे एक पदक पकडीच्या खेळाचं. त्यामुळे खरा प्रश्न असा की आहे त्यात अजून एक खेळ घालायचा का, कुठल्या नियमांनी घालायचा, आणि आहेत त्यांनी आपली जागा राखलीये का. वाद घालताना समोरच्याला हे तीन प्रश्न वेगळे करून विचारा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आणि अजून एक, मार्शल आर्ट आणि खेळ यातला फरक डोक्यात पक्का ठेवा. ऑलिम्पिकमध्ये आर्ट जात नाही, नियमांचं पुस्तक जातं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, १९०९ मध्ये ते आयओसीचे (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे) पहिले आशियाई सदस्य झाले, म्हणजे ज्युदो ऑलिम्पिकमध्ये न्यायचा तर त्यांच्याइतका जवळचा माणूस दुसरा कोण होता, तरी त्यांना स्वतःला ज्युदो तिथे नेण्याची फारशी घाई नव्हती, कारण त्यांच्यासाठी ज्युदो म्हणजे माणूस घडवायची पद्धत, पदक हा त्यातला एक कोपरा. हे लक्षात ठेवलं की "आमची कला किती महान" हा मुद्दा वादातून आपोआप बाजूला होतो. कला महान असेलच, पण तो प्रश्न वेगळा आहे.

आता पहिली टेस्ट. टीव्हीचा आवाज बंद करा आणि ज्याला त्या खेळातलं काहीही कळत नाही अशा माणसाला शेजारी बसवा. मी आईला बसवलं होतं. जिउजित्सूची एक मोठी फायनल लावली, दोघेही जबरदस्त खेळाडू, मी आतून नुसता उड्या मारतोय. मॅच सुरू झाली आणि दोघेही एकमेकांची कॉलर धरून एकदमच खाली बसले. मी म्हटलं, आई बघ ना, कोण जिंकतंय सांग. ती म्हणाली, "अरे पण हे दोघं बसलेत का? सुरू झालं का अजून?" सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती. मग मी ज्युदोची एक मॅच लावली, त्यात एकाने दुसऱ्याला आत ओढून, पायात पाय घालून असा काही उचलला की तो हवेतनं फिरून सपाट पाठीवर, आणि आई खुर्चीतनं अर्धी उठली, "गेला!" इप्पॉन, म्हणजे ज्युदोत मॅच तिथेच संपवणारा पूर्ण गुण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अस्मान दाखवणं म्हणजे काय हे माणसाला न शिकवता कळतं. कुस्तीतली चीतपटही तशीच कळते, पण कुस्तीचे बाकीचे पॉइंट मात्र नाही कळत, मॅटबाहेर ढकलल्याचा एक पॉइंट कळतो, पण पॅसिव्हिटीसाठी, म्हणजे नुसतं टाळत खेळण्यासाठी, रेफ्री ज्या सूचना देतो त्या आईला शेवटपर्यंत कळल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही सगळ्या पटत नाहीत.

ही टेस्ट जिउजित्सूवर अन्याय करते असं तुम्ही म्हणाल, आणि ते थोडं खरंच आहे. कॉलर चोक आतून कसा असतो ते ज्याने खाल्लाय त्यालाच माहीत. समोरच्याची चार बोटं तुमच्या कॉलरच्या आत खोलवर गेलेली असतात, कापड मानेच्या बाजूला घासतं, तो मनगट फक्त एवढंसं वळवतो, जसं आपण कुलपातली किल्ली वळवतो तेवढंच, आणि कानात समुद्रासारखा आवाज यायला लागतो, नजरेच्या कडा काळ्या होतात आणि तुमचा हात आपोआप टॅप करायला, म्हणजे थोपटून हार मानायला, निघतो. आयुष्यात इतकं नाट्य मी दुसरीकडे अनुभवलं नाही. पण दहा मीटरवर बसलेल्या माणसाला काय दिसतं? दोन माणसं जवळजवळ हलत नाहीयेत. कॅमेरा त्या मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणून टेस्ट करताना दोन रकाने करा, खेळणाऱ्याला काय जाणवतं आणि बघणाऱ्याला काय दिसतं, आणि ऑलिम्पिकचा प्रश्न असेल तर दुसरा रकाना जास्त मोजा, कारण तिथे येणारा प्रेक्षक चार वर्षांतून एकदाच येतो.

याच टेस्टमध्ये एक स्टॉपवॉच पण घ्या. खेळ खरोखर चाललाय ते सेकंद मोजा, म्हणजे हल्ला, बचाव, पकड सोडवणं हे धरायचं, नुसतं एकमेकांच्या बाह्या ओढत फिरणं धरायचं नाही. निदान पाच-सहा मॅचेस मोजल्याशिवाय मत बनवू नका, एकाच कंटाळवाण्या मॅचवरून कुठलाही खेळ मोडीत निघू शकतो.

दुसरी टेस्ट, निकाल लागतो कसा. हे का महत्त्वाचं ते १९१२ च्या स्टॉकहोममधून कळतं. ग्रीको-रोमन कुस्तीच्या (ज्यात कमरेखाली पकड चालत नाही) सेमीफायनलला मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन असे भिडले की ती मॅच ११ तास ४० मिनिटं चालली, उघड्यावर, उन्हात. क्लाइन जिंकला पण इतका थकला की फायनल खेळूच शकला नाही. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका गटाची फायनल नऊ तास चालून सुटलीच नाही, शेवटी दोघांनाही रौप्य दिलं आणि सुवर्ण कोणालाच नाही. म्हणजे वेळेची मर्यादा आणि पॉइंट हे टीव्हीवाल्यांनी मागून घुसवलेलं नाटक नाही, त्यांच्याशिवाय दोन तुल्यबळ माणसं एकमेकांना धरून बसूच शकतात.

तेव्हा नियमांचं पुस्तक घ्या आणि तीन गोष्टी शोधा. मॅच किती वेळात संपते, बरोबरी झाली तर काय, आणि निकाल खेळाडू लावतो की रेफ्री. ज्युदोत चार मिनिटं, मग गोल्डन स्कोअर, म्हणजे जो आधी गुण घेईल तो जिंकला. ऐकायला छान आहे, पण तिसरी शिदो (पेनल्टीची ताकीद) मिळाली की खेळाडू बाद, आणि गोल्डन स्कोअरमध्ये दोघं थकलेले असताना नेमक्या अशाच मॅचेस पेनल्टीवर संपतात, तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरते ती ज्युदोवर प्रेम करणाऱ्या माणसाला बघवत नाही. जिउजित्सूत टेकडाउनला (खाली पाडण्याला) दोन, गार्ड पास केला (खालच्याने पायांनी घातलेला अडथळा ओलांडला) की तीन, माउंट (वर चढून बसणं) किंवा पाठ मिळाली की चार असे पॉइंट आहेत, हे खरं तर सुंदर गणित आहे, पण त्यावर अजून अॅडव्हांटेज नावाचा प्रकार आहे, म्हणजे जवळजवळ जमलं होतं याचे गुण, आणि बरोबरीतल्या मॅचेस त्यावर सुटतात. जवळजवळ किती जवळ, हे रेफ्री ठरवणार! सुवर्णपदक अशा गोष्टीवर ठरलेलं कोणाला पचेल?

तिसरी टेस्ट सगळ्यात कंटाळवाणी आहे पण निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो, ती म्हणजे संघटना. ऑलिम्पिकमध्ये खेळ जायचा तर त्या खेळाचा जगभर एकच मालक लागतो, नियम एक, पात्रता एक, डोपिंगची तपासणी वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) नियमांनी. कुस्तीवाल्यांनी हा धडा फार महागात शिकलाय. फेब्रुवारी २०१३ मध्ये आयओसीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला २०२० पासून कायमच्या खेळांतून काढायची शिफारस केली. कुस्तीला! प्राचीन ऑलिम्पिकमध्ये इसवी सनापूर्वी ७०८ पासून असलेला खेळ. सगळं जग हादरलं, अमेरिका, इराण, रशिया एका बाजूला उभे राहिले, फिला या आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेचे अध्यक्ष पायउतार झाले, नेनाद लालोविच आले, आणि काही महिन्यांत नियम बदलले. आधी तीनपैकी दोन पिरियड जिंकायचे असायचे आणि बरोबरीत पिशवीतून रंगीत चेंडू काढून पकड कोणाला मिळणार ते ठरायचं, म्हणजे निव्वळ नशीब. ते जाऊन तीन-तीन मिनिटांचे दोन पिरियड आणि सगळे गुण एकत्र असं साधं गणित आलं. सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सला मतदान झालं आणि कुस्ती ४९ मतांनी परत आली, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४ आणि स्क्वॉशला २२. यातनं काय घ्यायचं तर परंपरा कामाला येत नाही, कारभार आणि नियम कामाला येतात. बॉक्सिंगचंही तेच झालं, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कारभारामुळे टोकियो आणि पॅरिस दोन्ही वेळा आयओसीलाच स्पर्धा चालवावी लागली.

आता जिउजित्सूला हीच टेस्ट लावा. आयबीजेजेएफ ही संघटना १९९४ ची, ती स्वतःची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९९६ पासून भरवते. एडीसीसी ही स्पर्धा १९९८ पासून वेगळी, तिचे नियम वेगळे. जेजेआयएफ ही तिसरीच संघटना, तिच्याकडून ने-वाझा (जमिनीवरच्या पकडीचा प्रकार) वर्ल्ड गेम्समध्ये आणि २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये खेळला गेला. कुठे हील हुक (टाच पिळायचा डाव) चालतो, कुठे तोच मारला की बाहेर. मग ऑलिम्पिकमध्ये नक्की यातलं कोणतं जिउजित्सू न्यायचं? याचं उत्तर तिन्हीकडचे लोक एकसारखं देत नाहीत तोवर बाकी चर्चा व्यर्थ आहे. सांबो इथे खूप पुढे आहे, १९३८ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये अधिकृत झालेला खेळ, एक संघटना, आणि २०२१ मध्ये आयओसीची पूर्ण मान्यता. पण मान्यता म्हणजे प्रवेश नाही हं, यात लोक फार गोंधळ करतात. मान्यता मिळाली म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली, एवढंच.

चौथी टेस्ट, पदकं कुठे जातात. कुठल्याही वर्ल्ड चॅम्पियनशिपचा पदकतक्ता काढा आणि देश मोजा. पूर्वी आयओसीचा नियमच होता की पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत आणि चार खंडांत, महिलांचा ४० देशांत आणि तीन खंडांत खेळला गेला पाहिजे. आता तसा आकडा लावत नाहीत, पण आपल्याला घरी बसून तपासायला तो अजून उत्तम आहे. ज्युदो इथे डोळे झाकून पास होतो. कोसोव्होला इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक पदक २०१६ ला रिओत मिळालं ते ज्युदोत, माइलिंदा केलमेंडीने थेट सुवर्ण आणलं. सान मरिनोसारख्या इवल्याशा देशाने टोकियोत कुस्तीचं कांस्य नेलं. मोठं स्टेडियम नको, घोडा नको, बोट नको, एक मॅट आणि एक चांगला कोच पुरतो, पकडीच्या खेळांचा ऑलिम्पिकवर हक्क आहे असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

महिलांचा रकाना मात्र वेगळा तपासा. कुस्ती १८९६ पासून असली तरी महिलांना २००४ पर्यंत थांबावं लागलं, आणि ज्युदोत महिलांना पदकासाठी खेळायला १९९२ उजाडलं, त्याआधी १९८८ ला नुसतं प्रदर्शन. ग्रीको-रोमन तर आजही फक्त पुरुषांचा आहे, सहा पदकं. याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

पाचवी टेस्ट मला सगळ्यात जवळची, खेळ आत जाऊन काय गमावेल. ज्युदोकडे बघा. पट काढणं, म्हणजे समोरच्याच्या पायांना हात घालून त्याला पाडणं, हा ज्युदोचा जुना भाग होता. २०१० मध्ये त्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून तर पायाला हात लावायचीच बंदी. कारण असं दिलं की सगळे वाकून कुस्तीसारखे खेळायला लागलेत, ज्युदो ज्युदोसारखा दिसत नाही. दिसायला लागला हे खरं, उंच थ्रो वाढले, पण एक पिढी अशी तयार झाली की जिला पट काढताही येत नाही आणि अडवताही येत नाही. युको हा छोटा गुण २०१७ ला काढला, पॅरिसनंतर परत आणला. इतक्या वेळा नियम बदलले की दहा वर्षं ज्युदो न बघितलेला माणूस आज मॅच बघायला बसला तर त्याला विचारावं लागतं. पण दुसरी बाजूही लिहा, नाहीतर तपासणी खोटी होते. १९६४ ला टोकियोच्या बुदोकान हॉलमध्ये हॉलंडच्या अँटन गीसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला खुल्या गटाच्या फायनलला दाबून धरून हरवलं तेव्हा जपानी प्रेक्षक सुन्न झाले, आणि गीसिंकने जल्लोष करत मॅटवर धावत येणाऱ्या आपल्या लोकांना हात करून थांबवलं, प्रतिस्पर्ध्याचा मान म्हणून. त्या एका मॅचने ज्युदो जगाचा झाला. ऑलिम्पिक नसतं तर ती मॅच इतक्या लोकांनी पाहिली असती का?

म्हणून आपल्या खेळाच्या दहा आवडत्या गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर लिहा की पहिल्या टेस्टमधल्या आईसारख्या प्रेक्षकासाठी ही काढून टाका असं सांगितलं तर चालेल का. जिउजित्सूचं मी केलं तेव्हा पहिल्यांदा गेली ती गार्डमध्ये बसून शांतपणे पाच मिनिटं समोरच्याला विणत राहायची मजा, आणि माझ्यासाठी तर जिउजित्सू म्हणजे तेच!

सहावं पटकन सांगतो. त्या खेळातल्या सर्वोत्तम माणसाला ऑलिम्पिक सगळ्यात मोठं वाटतं का? क्यूबाचा मिहाइन लोपेझ पॅरिसला ग्रीको-रोमनमध्ये सलग पाचवं सुवर्ण जिंकला, तोवर एकाच वैयक्तिक स्पर्धेत असं कोणीच केलेलं नव्हतं, आणि जिंकल्यावर बूट काढून मॅटच्या मधोमध ठेवून निघून गेला. कुस्तीला याहून मोठी जागा दुसरी नाही. जिउजित्सूवाल्याला विचारा, तो एडीसीसी म्हणेल नाहीतर मुंडियाल, म्हणजे आयबीजेजेएफची वर्ल्ड चॅम्पियनशिप, म्हणेल. आणि वजनाचा प्रश्नही इथेच तपासा, कारण पकडीच्या सगळ्या खेळांना तो लागू आहे. पॅरिसला विनेश फोगाट फायनलला पोचून १०० ग्रॅममुळे बाद झाली, दुसऱ्या दिवशीही वजन करायचा नियम होता म्हणून. नियम सगळ्यांना माहीत होता हे मान्य, पण ज्या खेळात माणसं रात्रभर पाणी न पिता धावतात त्या खेळाने आधी त्याचं उत्तर शोधायला हवं, नवा खेळ आत येणार असेल तर त्याने हे उत्तर घेऊनच यावं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे आणि तो वादात शेवटीच काढा, आधी काढला तर लोक चिडतात. तुमचा खेळ आत आला तर बाहेर काय काढायचं? खेळाडूंची संख्या साधारण साडेदहा हजारांवर बांधलेली असते. पॅरिसला कुस्तीच्या वाट्याला २८८ जागा होत्या, ज्युदोच्या ३७२. यजमान देशाने घातलेले खेळ जास्तीचे येतात, पण ते पाहुणे असतात, कराटे टोकियोला आला आणि पॅरिसला गेलासुद्धा, लॉस एंजेलिसलाही नाही. एका ऑलिम्पिकसाठी जगभरच्या पोरांनी आयुष्य बदललं आणि नंतर दार बंद, हे त्या पोरांवर फार क्रूर आहे.

माझा कागद आज असा दिसतो. कुस्ती पूर्ण पास, फक्त ग्रीको-रोमनमध्ये महिला आल्या पाहिजेत. ज्युदो पास, पण पट परत द्या. सांबो कारभारात पास, पण त्याचा खेळ ज्युदो आणि कुस्तीच्या इतका जवळचा आहे की पहिल्यांदाच बघणाऱ्याला वेगळेपण दिसत नाही, तिथे तो अडतो. जिउजित्सू संघटनेत नापास, आवाज बंद टेस्टमध्ये नापास, देशांच्या टेस्टमध्ये दरवर्षी सुधारतोय. आणि शेवटच्या प्रश्नासमोर, म्हणजे कोणाच्या जागा घेणार, तिथे मी आधी ग्रीको-रोमनची दोन पदकं लिहिली होती, मग लोपेझचे ते बूट आठवले आणि खोडलं, मग ज्युदोची मिश्र सांघिक स्पर्धा लिहिली, तर पॅरिसची फ्रान्स-जपान फायनल ३-३ वर येऊन शेवटच्या मॅचला सुटली होती ती आठवली आणि तेही खोडलं. तो रकाना अजून रिकामाच आहे, आणि तो भरेपर्यंत मी जिउजित्सूसाठी "आत्ता नको" असंच लिहिणार.